मध्यस्थावाचूनचा अर्ज

मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची पदवी ज्याने संपादन केली आहे अशा कोणाही गृहस्थाला, आपण विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केव्हा केला होता असे विचारले, तर तो क्षणभर गोंधळेल आणि मग रुइयाचे, फर्ग्युसनचे किंवा आपल्या तालुक्याच्या गावच्या एखाद्या महाविद्यालयाचे नाव सांगेल. त्याने अर्ज केला तो महाविद्यालयाकडे, शुल्क भरले ते महाविद्यालयाच्या खिडकीवर, आणि हजेरी लागली तीही तेथल्याच पटावर. विद्यापीठाशी त्याचा संबंध आला तो परीक्षेच्या फॉर्मापुरता, गुणपत्रिकेपुरता, आणि झगा पांघरून पदवीदान समारंभास गेला असेलच तर त्या एका दुपारपुरता. ज्या संस्थेचे नाव आयुष्यभर आपल्या नावापुढे लावायचे, तिच्या दारावर स्वतःच्या हाताने थाप मारण्याचा प्रसंगच बहुतेकांवर येत नाही. जगातील पुष्कळ देशांत मात्र अठरा वर्षांचा विद्यार्थी थेट विद्यापीठाला लिहितो, विद्यापीठ त्याला उत्तर देते, आणि या दोघांमध्ये तिसरे कोणी असलेच तर ते टपाल पोहोचविण्यापुरते असते.

आपल्याकडे ही मधली पायरी आली कोठून, हे पाहण्यासाठी १८५४ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडून हिंदुस्थान सरकारकडे शिक्षणविषयक जो खलिता आला, आणि जो पुढे वुडचा खलिता म्हणून प्रसिद्धी पावला, त्यात इलाख्यांच्या राजधान्यांत विद्यापीठे स्थापावीत आणि त्यांनी नमुना म्हणून लंडन विद्यापीठ डोळ्यांपुढे ठेवावे, अशी शिफारस होती. हा नमुना मोठा विलक्षण होता. १८३६ साली सनद मिळून अस्तित्वात आलेल्या त्या विद्यापीठाला ना वर्ग होते, ना अध्यापक, ना वसतिगृह. शिकवावे युनिव्हर्सिटी कॉलेजने, किंग्ज कॉलेजने आणि अशाच इतर संस्थांनी. विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, अशी ती रचना. १८ जुलै १८५७ रोजी, उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटलेला असताना, मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला, तो याच साच्यात ओतलेला होता. परीक्षेच्या द्वारे लोकांचे प्रावीण्य पडताळून पाहावे आणि पदवी देऊन त्यांचा गौरव करावा, एवढाच हेतू त्या कायद्याच्या उद्देशिकेत नमूद आहे. शिकविण्याची भाषा तीत नाही. पदवी परीक्षेच्या उमेदवाराने मान्यताप्राप्त संस्थेत ठरलेला अभ्यासक्रम पुरा केल्याचे प्रमाणपत्र सादर केलेच पाहिजे, अशी अट मात्र त्यात स्पष्ट घातलेली होती. सेनेटच्या खास हुकुमाने अपवाद करण्याची मुभा होती, म्हणजे भिंतीला एक लहानशी खिडकी ठेवलेली होती. पण खिडकीतून ये-जा करणाऱ्याला लोक काय म्हणतात ते सर्वांस ठाऊक आहे, आणि आपल्या रीतसर मंडळींनी तो मार्ग फारसा चोखाळला नाही.

आता इतिहासाने केलेली थट्टा पाहावी. ज्या लंडन विद्यापीठाचे अनुकरण म्हणून ही प्रमाणपत्राची अट मुंबईने स्वीकारली, त्याच विद्यापीठाने पुढल्याच वर्षी, १८५८ साली, नवी सनद मिळवून ती अट काढून टाकली. वैद्यकासारखे विषय वगळता, कोणीही, कोठेही, कोणापाशीही किंवा कोणापाशीही न शिकता, केवळ स्वतःच्या तयारीच्या बळावर लंडनच्या परीक्षेस बसावे आणि उत्तीर्ण झाल्यास पदवीधर व्हावे, असा नियम झाला. डिकन्सच्या साप्ताहिकाने त्याला लोकांचे विद्यापीठ म्हटले ते या निमित्ताने. आपण मात्र टाकून दिलेला नमुना शंभर वर्षांहून अधिक काळ जतन केला. आणि त्यातून महाविद्यालयांचे जे अफाट जाळे उभे राहिले त्याने शिक्षण खेडोपाडी नेले हे निर्विवाद असले, तरी त्याबरोबर असा एक समजही रूढ झाला की महाविद्यालयाच्या शिक्क्यावाचून विद्यापीठाकडे जाणारा माणूस मुळात संशयास्पदच.

लंडनने उघडलेल्या दारातून कोण कोण आत गेले, हे पाहण्याजोगे आहे. १८६५ साली लंडनची परीक्षा प्रथमच इंग्लंडबाहेर, मॉरिशस बेटावर, झाली. १८७८ साली स्त्रियांना पुरुषांबरोबरीने पदव्या देण्याचे त्या विद्यापीठाने ठरविले, आणि हा निर्णय घेणारे ते ब्रिटनमधील पहिले विद्यापीठ ठरले. राजकोटच्या शाळेतून आलेल्या मोहनदास गांधी नावाच्या विद्यार्थ्याने १८८७ साली अहमदाबादेस मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक दिली, आणि पुढे बॅरिस्टरीसाठी विलायतेस गेल्यावर, फावल्या वेळाचे सार्थक व्हावे म्हणून, लंडनच्याही मॅट्रिकसाठी नाव घातले. लॅटिनने प्रथम दगा दिला. दुसऱ्या खेपेस, १८९० साली, रसायनाऐवजी उष्णता व प्रकाश हा विषय घेऊन ते उत्तीर्ण झाले. कोणत्याही महाविद्यालयाच्या पटावर यासाठी त्यांना नाव घालावे लागले नव्हते. खासगी शिकवणीचा वर्ग आणि आपली खोली एवढ्यावर काम भागले. पुढच्या शतकात नेल्सन मंडेला यांनी कारागृहात असताना याच विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीसाठी नाव नोंदविले होते. तुरुंगाच्या अधीक्षकाची परवानगी लागली असेल, पण कोणा प्राचार्याची शिफारस लागली नाही.

मुंबई विद्यापीठातही एका पायरीवर विद्यार्थ्याची आणि विद्यापीठाची गाठ समोरासमोर पडत असे, ती मॅट्रिक्युलेशनच्या. ती खरोखरची प्रवेश परीक्षा होती: शाळेचा शेवट म्हणून नव्हे, तर विद्यापीठाचा आरंभ म्हणून विद्यापीठच ती घेई, उमेदवाराचा अर्ज रजिस्ट्रारच्या दप्तरी रुजू होई, आणि उत्तीर्ण होणाऱ्याचे नाव विद्यापीठाच्या वहीत चढे. १८५९ साली पहिली परीक्षा झाली तेव्हा शंभरावर उमेदवार बसले आणि वीस-बावीसच पार पडले. न्यायमूर्ती रानडे त्यांपैकी एक. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही नावे दिसतात. पुढे शालान्त परीक्षा मंडळे स्थापन होऊन ही परीक्षा विद्यापीठाच्या हातून गेली. ‘मॅट्रिक’ हे नाव लोकांच्या तोंडी पुढे कितीतरी वर्षे राहिले, परंतु सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा विद्यापीठाशी येणारा तो एकमेव प्रत्यक्ष संबंध मात्र संपला.

आता ज्या अर्जाविषयी विस्ताराने लिहावेसे वाटते तो कल्याणास जन्मलेल्या एका मुलीने केलेला आहे. आनंदीबाई जोशी यांनी वैद्यकी शिकावी असा ध्यास त्यांचे पती गोपाळराव यांनी घेतला, त्या काळी या देशात एकट्या हिंदू स्त्रीने हे शिक्षण घेण्यासारखी सोय नव्हती. मुंबई विद्यापीठाने आपले दार स्त्रियांस उघडले तेच मुळी १८८३ साली, म्हणजे ज्या वर्षी आनंदीबाई देश सोडून निघाल्या त्या वर्षी. गोपाळरावांनी १८७८ च्या सुमारास कोल्हापुराहून मिशनरी मंडळींकडे केलेला पत्रव्यवहार एका अमेरिकन मासिकात छापला गेला. त्यावर दिलेले उत्तर धर्मांतराचा सल्ला देणारे आणि म्हणून निराशाजनक होते. परंतु न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंच्या दृष्टीस ते मासिक दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता पडले, त्यांनी आपणहून पत्र घातले, आणि मग दोन स्त्रियांमधला तो प्रसिद्ध पत्रव्यवहार सुरू झाला. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघून जूनच्या आरंभी आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, रोझेलहून, त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्वेनियाकडे प्रवेशाचा अर्ज पाठविला. १८५० साली स्थापन झालेली ही संस्था स्वतःच्या अधिकारात पदवी देत असे. आणि तिची एम.डी. ही त्या काळी वैद्यकातली पहिलीच पदवी होती, आजच्यासारखी वरची नव्हे.

हा अर्ज म्हणजे आजच्या अर्थाने फॉर्म नव्हे; ते एक पत्र आहे. त्यात मॅट्रिकचा दाखला नाही, कारण तो त्यांच्यापाशी नव्हताच. वय अठरा, शिक्षण बहुतांशी पतीपाशी झालेले आणि मिशनच्या शाळेत तुटक तुटक. अशा अर्जदाराने करावे काय? तीन मार्ग संभवतात. उणीव लपवावी, किंवा तिच्याबद्दल गयावया करावी, किंवा ती आधीच मोकळेपणी मान्य करून मग आपल्यापाशी दुसरे काय आहे ते सांगावे. आनंदीबाईंनी तिसरा मार्ग पत्करला. आपण संस्थेच्या सर्व अटी पुऱ्या करू शकू असे नाही, हे त्यांनी आरंभीच मांडले. मग आप्तेष्टांचा आणि जातीचा विरोध पत्करून जो निश्चय आपल्याला इतक्या दूर घेऊन आला, तोच पुढचे काम पार पाडण्यास पुष्कळ उपयोगी पडावा, असा युक्तिवाद केला. आणि मग येण्याचे प्रयोजन सांगितले, की आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण बरे मानतात, त्यांच्यासाठी ही विद्या हवी आहे. स्वतःसाठी म्हणून काही मागत नाही, कामासाठी आपल्याला योग्य करण्यास जे लागेल तेवढे मागते, असा शेवटाचा रोख आहे. आर्जव आहे, पण दीनवाणेपणा कोठेही नाही. अठराव्या वर्षी, परक्या भाषेत, परक्या देशात उतरून महिनाही झाला नसता लिहिलेले हे पत्र अर्जलेखनाचा उत्तम नमुना म्हणून आपल्या शाळांतून वाचून दाखविले पाहिजे. त्याऐवजी आपण मुलांना ‘कृपावंत होऊन माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ एवढेच शिकवितो.

संस्थेने प्रवेश दिला, आणि तीन वर्षांच्या शिक्षणासाठी सहाशे डॉलरांची शिष्यवृत्तीही दिली. रेचल बॉडली या त्या वेळी तेथे डीन होत्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, आणि त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. जपानच्या केइ ओकामी आणि उस्मानी साम्राज्यातील सीरियाच्या साबात इस्लामबुली यांच्याबरोबर आपापल्या देशी पोशाखात बसलेल्या आनंदीबाईंचे १८८५ सालचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. पृथ्वीच्या तीन कोपऱ्यांतून आलेल्या या तिघींना एकाच बाकावर बसविणारी संस्था, अर्जदाराचे शिक्षण आपल्या रकान्यात बसते की नाही एवढेच पाहती, तर हे छायाचित्र निघालेच नसते. येथे कोणीतरी पत्र वाचले, विचार केला, आणि आपल्या जबाबदारीवर होय म्हटले.

थेट अर्जाचे मर्म माझ्या मते एवढेच आहे. निर्णय घेणाऱ्या माणसाला कागदाआड लपता येत नाही. ज्याचे गुण, वय, शाळा, भाषा आणि क्रम हे सर्व अपेक्षेप्रमाणे आहे, त्याला कोणत्याही मार्गाने अर्ज केला तरी सारखाच न्याय मिळेल. पण ज्याच्या आयुष्यात मध्येच दोन वर्षांची पोकळी आहे, ज्याने शाळा सोडून घरचा धंदा पाहिला, जी लग्नानंतर पंधरा वर्षांनी पुन्हा पुस्तक उघडते आहे, अशांची हकिकत वाचण्यासाठी समोर वाचणारा माणूस लागतो. यादी वाचत नाही. ती फक्त क्रम लावते.

तथापि या पद्धतीचे गोडवे गाताना हात थोडा आखडता घेणे भाग आहे. जो माणूस पत्र वाचून होय म्हणू शकतो, तोच आडनाव वाचून नाही म्हणू शकतो. वशिला, ओळखपाळख, संस्थाचालकांची चिठ्ठी, देणगीची पावती, या साऱ्यांचा शिरकाव होतो तो याच मोकळ्या जागेतून. गुणानुक्रमाची यादी आंधळी असते हे खरे, पण तिच्या आंधळेपणाचा लाभ ज्यांना झाला त्यांनी तिला नावे ठेवलेली फारशी ऐकू येत नाहीत. धुळ्याच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाचे नाव पुण्याच्या मुलाच्या वर छापले गेले, की ते तेथून हलविण्याची सोय कोणाला नसते.

शिवाय अर्जांची संख्या वाढली, की थेट पद्धत आपल्याच भाराने वाकते. केंद्रीय प्रवेश सुरू होण्यापूर्वी आपल्याकडे जूनमध्ये जो देखावा दिसे तो ज्यांनी पाहिला त्यांना याचे वर्णन नको. निकाल लागला की मुलगा आणि बाप पहाटेपासून महाविद्यालयांच्या फाटकापुढे उभे. एकाकडून फॉर्म, दुसऱ्याकडून फॉर्म, प्रत्येकाला राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेल्या ‘ट्रू कॉप्यां’चा संच. परंतु मूळ गुणपत्रिका एकच. पहिल्या महाविद्यालयात नाव लागले म्हणून ती तेथे जमा केली, आणि चार दिवसांनी अधिक चांगल्या महाविद्यालयाची यादी लागली, की प्रवेश रद्द करण्याचा अर्ज, शुल्कातील वजावट, आणि ‘ओरिजिनल’ परत मिळावी म्हणून कारकुनापुढे हात जोडणे आले. मुदत संपण्यापूर्वी ती हाती आली नाही, तर दुसऱ्या यादीतले नाव गेले. एकाच मुलाचे नाव चार याद्यांत लागायचे आणि त्यामुळे चौथ्या मुलाला कोठेच जागा नाही असे दिसायचे, असा तो सावळा गोंधळ असे.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्याला, आणखी मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्यांची संख्या वाढली, आणि प्रत्येक जण सावधगिरी म्हणून पाच-सहा विद्यापीठांना स्वतंत्र अर्ज पाठवू लागला. समजा, शंभर विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाने सहा अर्ज केले. टेबलांवर अर्ज पडले सहाशे, आणि प्रत्येक विद्यापीठाला वाटले की उमेदवारांचा पूर आला आहे. पन्नास जागा असलेल्या विद्यापीठाने पन्नासांनाच होकार कळविला, तर त्यांतले तीस दुसरीकडे जाऊन ऑक्टोबरात वर्ग रिकामे. शंभरांनाही कळविला आणि दैवयोगाने बहुतेक सगळे आले, तर बसायला बाके नाहीत. कोणाला किती नकार येतील याचा अदमास बांधण्यात प्रवेश-अधिकाऱ्यांचे कौशल्य खर्ची पडू लागले. यावर तोडगा म्हणून विद्यापीठांनी मिळून १९६१ साली ‘युक्का’ ही मध्यवर्ती प्रवेश-संस्था स्थापन केली. विद्यार्थ्याने एकच अर्ज करायचा, त्यात आपल्या पसंतीची विद्यापीठे लिहायची, आणि संस्थेने त्याच्या प्रती सर्वांकडे पाठवायच्या. पॉलिटेक्निकांसाठी पुढे अशीच दुसरी संस्था निघाली, आणि दोन्ही एकत्र होऊन १९९३ साली ‘युकास’ अस्तित्वात आली. तिचे दप्तर चेल्टनहॅम येथे आहे.

या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य आपल्या केंद्रीय प्रवेशाहून निराळे आहे. आपल्याकडे केंद्र स्वतः जागा वाटते: गुण आणि पसंतीक्रम यंत्रात घातले की कोणाला कोणते महाविद्यालय ते यंत्र सांगते, आणि विद्यार्थ्याने ती जागा ‘फ्रीझ’ म्हणजे पक्की करायची की पुढल्या फेरीची वाट पाहायची एवढेच ठरवायचे. युकास काहीही ठरवीत नाही. विद्यार्थ्याला साधारणपणे पाच पर्याय देता येतात. अर्ज पाचही ठिकाणी जातो. आणि प्रत्येक ठिकाणचा प्रवेश-अधिकारी तो स्वतः वाचून, इतर चार ठिकाणे कोणती आहेत हे न कळता, होय किंवा नाही कळवितो. अर्जाबरोबर चार हजार अक्षरचिन्हांच्या मर्यादेतले एक स्वकथन असते. पूर्वी ते सलग लिहावयाचे असे, २०२६ च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांच्या उत्तरांत विभागले आहे. म्हणजे टपाल मध्यवर्ती, निर्णय मात्र थेट, अशी ही तडजोड आहे, आणि आजवर निघालेल्या तोडग्यांत ती मला सर्वांत समंजस वाटते. अमेरिकेत १९७५ साली पंधरा महाविद्यालयांनी मिळून सुरू केलेला ‘कॉमन अॅप्लिकेशन’ हाही याच जातीचा. मात्र एमआयटीसारखी संस्था आजही आपला स्वतंत्र फॉर्मच भरून घेते.

आणि इतकी चोख मध्यवर्ती व्यवस्था असूनही ब्रिटनमध्ये ऑगस्टच्या मध्यास, ए-लेव्हलचे, म्हणजे तेथल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेचे, निकाल लागले की, विद्यार्थी आणि विद्यापीठ पुन्हा समोरासमोर येतात. अपेक्षित श्रेणी हुकलेले, किंवा मनाप्रमाणे कोठेच जमले नाही असे विद्यार्थी उरलेल्या जागांसाठी ‘क्लिअरिंग’मध्ये उतरतात, आणि येथे कोणी मध्यस्थ नसतो. सकाळी विद्यापीठांचे दूरध्वनी सुरू होतात. पलीकडे त्या दिवसापुरत्या बसविलेल्या मदतनिसांची रांग असते. विद्यार्थ्याने स्वतः फोन करायचा, आईने किंवा शिक्षकाने नव्हे. आपला क्लिअरिंग क्रमांक, विषयवार श्रेणी सांगायच्या. हा विषय का, असे विचारले तर दोन वाक्यांत उत्तर द्यायचे. गणितात श्रेणी घसरली आहे, पण भौतिकशास्त्रात चांगली आहे, तेव्हा अभियांत्रिकीच्या या शाखेऐवजी त्या शाखेत घेता येईल का, असली घासाघीसही होते. मान्य झाले, तर तोंडी होकार मिळतो, आणि मग विद्यार्थ्याने तो पर्याय युकासच्या नोंदीत घालायचा. आपल्याकडे याच्याशी जुळणारा प्रकार म्हणजे केंद्रीय फेऱ्या आटोपल्यावरची संस्थास्तरीय फेरी. पण तेथे विचारपूस व्हायची ती बहुधा विद्यार्थ्याच्या आवडीची नसून वडिलांच्या ऐपतीची असते.

ज्यांना कोणत्याच रकान्यात जागा नाही त्यांच्यासाठी विसाव्या शतकाने मुक्त विद्यापीठ शोधून काढले. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ साली सुमारे पंचवीस हजार विद्यार्थ्यांनिशी तिचे काम सुरू झाले. पूर्वीच्या कोणत्याही परीक्षेचा दाखला मागायचा नाही, हे तिचे मूळ तत्त्व. अर्ज थेट तिच्याकडेच करायचा असतो. त्याच १९७१ साली मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग उघडला, आणि नोकरी सांभाळून ‘बाहेरून’ बी.कॉम. करणाऱ्या बँकेतल्या, गोदीतल्या, टपालखात्यातल्या मंडळींची सोय झाली. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि बारावीची पायरी चुकलेल्या प्रौढांसाठी त्याने पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला. शाळेत न जाता दहावी-बारावीला बसण्यासाठी भरावयाचा सतरा नंबरचा फॉर्म, आणि मग अशा विद्यापीठाकडे थेट अर्ज, या दोन कागदांवर महाराष्ट्रात किती पोलीस शिपाई, अंगणवाडीसेविका आणि गृहिणी पदवीधर झाल्या असतील, त्याची दखल आपल्या शिक्षणविषयक लेखनात अभावानेच आढळते.

राहता राहिली परदेशी जाऊ पाहणाऱ्या बारावीनंतरच्या मुलांची गोष्ट. जर्मनीतील काही विद्यापीठे परदेशी अर्जदारांचे कागद ‘युनि-असिस्ट’ या सामायिक संस्थेमार्फत तपासून घेतात, काही थेट स्वीकारतात. परंतु आपली केवळ बारावी तेथे सर्वसाधारणपणे पुरेशी धरली जात नाही, तिच्याबरोबर येथल्या पदवी अभ्यासक्रमातला काही काळ, किंवा जेईई अॅडव्हान्स्डसारखी परीक्षा, किंवा तेथील पूर्वतयारी वर्ग लागतो, हे जाहिरातीत छापलेले नसते. ब्रिटनमध्ये पुष्कळ विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज युकास वगळूनही घेतात, आणि नेमके येथेच, थेट अर्जाच्या या मोकळ्या वाटेवर, एजंट नावाचा नवा मध्यस्थ उभा ठाकला आहे. तो विद्यार्थ्याकडून काही घेत नाही असे अभिमानाने सांगतो, आणि ते पुष्कळदा खरेही असते. कारण त्याचे कमिशन विद्यापीठाकडून येते. साहजिकच त्याच्या यादीत तीच विद्यापीठे असतात जी ते देतात. अर्ज त्याच्या कचेरीत, त्याच्या माणसाने, त्याच्या ई-मेलच्या पत्त्यावरून भरला जातो, आणि मग विद्यापीठाने मागितलेला खुलासा, शिष्यवृत्तीची सूचना, वसतिगृहाची मुदत ही सारी पत्रे त्या पत्त्यावर पडून राहतात. व्हिसासाठी लागणारा ‘कॅस’ क्रमांक शेवटी विद्यापीठच काढते, एजंटाला तो काढता येत नाही; तेव्हा मुलाचे नाव, जन्मतारीख आणि पारपत्राचा क्रमांक बरोबर आहे का हे पालक जसे चष्मा लावून पाहतात, तसेच अर्जावर पत्ता कोणाचा घातला आहे, तेही सहीपूर्वी एकदा पाहून घ्यावे.